चित्रदालनाचा जमाखर्च

जहांगीर कलादालनाच्या पायऱ्यांवर पावसात आडोशाला उभे राहणारे आपले विद्यार्थी पुष्कळ. दार ढकलून आत जाणारे थोडे. चित्रे म्हणजे श्रीमंतांचा शौक, आपले तिथे काय काम, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे. वास्तविक आत जायला तिकीट लागत नाही. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला कोडे पडले ते इथेच. तिकीट नाही, गिऱ्हाइकांची गर्दी नाही, मग हा व्यवहार चालतो कसा?

माझे गाव बोरगाव, मध्यप्रदेशातील सौंसरजवळचे. शिक्षण मराठी शाळेत, बाजारातले बोलणे हिंदीत, आणि भोवती संत्र्याचे बगीचे. चित्रप्रदर्शन पाहायचे तर आम्हाला नागपूर गाठावे लागते. त्यामुळे मुंबईत आल्यावर या दालनांतून मी हिंडलो तो अडत्याच्या दुकानात हिंडावे तसा, हिशेब समजून घेत.

जहांगीर दालन १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिले. तेथे चित्रकार भाडे भरून आठवड्यापुरता हॉल घेतो आणि त्यासाठी काही वर्षे रांगेत थांबतो. चित्र विकले न विकले, भाडे द्यावेच लागते. खासगी दालनाची रीत निराळी. तिथे भाडे नसते. दालनाचा मालक चित्रकार निवडतो, प्रदर्शनाचा खर्च करतो आणि विक्रीतून हिस्सा घेतो. हा हिस्सा साधारणपणे तिसऱ्या भागापासून निम्म्यापर्यंत असतो. ऐकताना जास्त वाटतो, परंतु काहीच न विकल्यास नुकसान दालनाचे, हेही ध्यानात घ्यावे.

फोर्टमधील केमोल्ड हे असेच एक दालन. नाव ‘केमिकल मोल्डिंग’वरून आले, कारण मूळ धंदा चौकटींचा! केकू गांधी यांनी १९४१ साली एका बेल्जियन गृहस्थाच्या साहाय्याने तो सुरू केला. चौकटी खपाव्यात तर त्यांत चित्रे हवीत. म्हणून दुकानात हुसेन, आरा, रझा यांची चित्रे लागू लागली. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना अभिमान वाटावा असे उडुपीकडचे के. के. हेब्बार हेही त्यांत होते. पुढे १९६३ मध्ये केकू व खोर्शेद गांधी या दांपत्याने जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर छोटेसे दालन उघडले. २००७ साली ते फोर्टमध्ये एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गेले. चौकटीच्या धंद्याने चित्रांना आधार दिला, हा भाग मला फार आवडला. आमच्या पाठ्यपुस्तकात असे उदाहरण नाही.

अशा दालनात भिंतीवर किंमत बहुधा लिहिलेली नसते. टेबलापाशी मागितली तर यादी मिळते. नावाशेजारी लाल टिकली असली की ते चित्र विकले गेले असे समजावे. विकत घेणार का, असे कुणी विचारत नाही. चित्र समजले नाही तर खुशाल विचारावे. मराठीत विचारले तरी चालते.

आता खरा प्रश्न. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरचा, म्हणजे आमच्या शेजारचा. २००१ साली ते वारले. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले. लिलावाची रक्कम चित्र ज्याच्याजवळ असते त्याला मिळते. आमच्याकडे फळ हिरवे असतानाच बगीचा व्यापाऱ्याला देऊन टाकतात; नंतर भाव चढला तर शेतकरी नुसता पाहत राहतो, तसेच हे. चित्रकाराच्या हाती पैसा पडतो तो पहिल्या विक्रीतून, आणि ती विक्री या छोट्या दालनांतून होते.

कायद्याला हे अगदीच ठाऊक नाही असे नव्हे. कॉपीराइट कायद्याच्या ५३ अ या कलमानुसार मूळ चित्र दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत हिस्सा मागता येतो. हा हिस्सा दहा टक्क्यांहून अधिक मात्र असू शकत नाही. वारसांच्या बाबतीत कॉपीराइटची मुदत चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. आपल्या वाणिज्य मंडळाने या कलमावर एखाद्या वकिलांचे व्याख्यान ठेवावे, अशी माझी सूचना आहे. चित्रकलेचे विद्यार्थीही त्याला येतील.