वायूचें माप आणि बिलाचा न्याय

दूध मापून घेतलें तरी त्यांत पाणी किती, हें माप सांगत नाहीं. नळानें घरोघर येणाऱ्या इंधनवायूचेंहि तसेंच आहे. मीटर घनमीटर मोजतो. गृहिणीला हवी असते ती उष्णता. दाब तोच असतां, १५ अंश सेल्सिअसला १०० घनमीटर असलेला वायु ३० अंशांवर सुमारें १०५ घनमीटर होतो. उष्णता मात्र वाढत नाहीं. शिवाय घटकवायूंचें प्रमाण बदललें कीं वायूचा कसहि बदलतो.

हें ओळखून ब्रिटननें १९२० च्या कायद्यानें ‘थर्म’ या उष्णतेच्या मापावर आकारणी आणली. तेव्हां तेथें कोळशाचा वायु होता. १९६७ ते १९७७ या काळांत नैसर्गिक वायु आला, तरी तत्त्व तेंच राहिलें. आज तेथील बिलांत घनमीटरांवरून किलोवॅट-तास काढतात. वायूचा कस मोजून धरतात. परंतु तपमान व दाब यांसाठीं घरगुती ग्राहकांना १.०२२६४ हा एकच गुणक लावतात, मग मीटर उबदार खोलींत असो वा थंड अंगणांत. उबदार खोलींतील ग्राहक त्यामुळें किंचित् अधिक पैसे भरतो.

घरोघर तपमान मोजणें खर्चाचें, म्हणून ही सरासरी. तथापि गुणक बिलावर छापलेला असेल, तरच ग्राहकाला हिशोब ताडून पाहतां येतो. न्यायाची ती पहिली पायरी होय.