आधी पार्सल, मग पैसे

गेल्या नवरात्रात आमच्या घरी ऑनलाइन मागवलेला प्रेशर कुकर आला. मागवला मुलीने, तिच्या मोबाइलवरून. पण पैसे द्यायचे ते आईने, आणि तेही कुकर दारात आल्यावर. ह्या एका अटीवर आईने मोबाइलच्या बाजाराशी तह केलेला आहे. मुलगी म्हणाली, “आजी, आत्ताच भरले तर थोडे पैसे वाचतात.” त्यावर आईने ठेवणीतल्या वऱ्हाडीत विचारले, “अन् खोक्यात गोटा निंगाला, त कोनाले धरू मी? तुह्या मोबाइलले?”

मुलीपाशी उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर माझ्यापाशीही नव्हते. कंपनी बंगळूरची, विकणारा कुठला ते खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले, आणि आम्ही राहणार बडनेरा-धामणगावच्या मधल्या चांदूर रेल्वेला. भांडायला जायचे तरी कुठे?

आईचा हा हट्ट अडाणीपणाचा नाही, हे मला जरा उशिरा उमगले. माझे वडील शाळामास्तर होते. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची पुस्तके ते व्ही.पी.ने मागवीत. पोस्टमन दारात उभा राही तेव्हा वडील शाळेत असत आणि पैसे शोधण्याची पाळी आईवर येई. म्हणजे आधी पार्सल आणि मग पैसे, हा धडा आईने मोबाइल यायच्या कितीतरी आधी गिरवला होता. हिंदुस्थानच्या टपालखात्याने ही व्ही.पी.ची सोय 1877 साली सुरू केली. पोस्टमनने पार्सल द्यायचे, रक्कम वसूल करायची, आणि ती मनिऑर्डरीने पाठवणाऱ्याकडे रवाना करायची. घेणाऱ्याने नाही म्हटले की पार्सल आल्या वाटेने परत. आजच्या पिढीला जी कॅश ऑन डिलिव्हरी अगदी नवी वाटते, तिची आजी ही अशी खाकी कपड्यांतली होती!

नातीनेही सुरुवात पुस्तकांपासूनच केली, ही आणखी गंमत. फ्लिपकार्ट ही कंपनी 2007 साली बंगळुरात निघाली ती पुस्तके विकायला. पण गिऱ्हाइकापाशी क्रेडिट कार्ड नाही. ज्याच्यापाशी आहे त्याला ते परक्याच्या हाती द्यायची भीती. आणि धीर करून आकडे भरलेच, तर मध्येच तार तुटावी तसा व्यवहार तुटे. पैसे गेले की राहिले, हेच समजत नसे. शेवटी 2010 साली कंपनीने घरपोच रोख घ्यायला सुरुवात केली, आणि तालुक्याच्या गावांची दारे तिला उघडली. पुढे इतरांनाही तोच मार्ग धरावा लागला.

आमच्या भागात तर रोख रकमेला ऋतू आहेत. कापूस हे आमचे नगदी पीक, आणि रोख पैशाला वऱ्हाडात शब्दच मुळी ‘नगद’. दसरा-दिवाळीला सोयाबीन विकले जाते, मागाहून कापसाचा चुकारा येतो, आणि मग घराघरांतून वस्तूंच्या मागण्या सुटतात. पैसा खात्यात आला तरी तो काढून आणून डब्यात ठेवल्याशिवाय घरच्या बायकांना तो आपला वाटत नाही. खात्यावर नाव नवऱ्याचे असते. डबा त्यांचा असतो. मुलाच्या मोबाइलवरून मागवलेली साडी डब्यातल्या पैशांनी घेता येते, हे ह्या सोयीचे एक मोठेच काम आहे आणि त्याची नोंद कोणी फारशी घेत नाही.

दुसरी अडचण अगदी आमची खासगी म्हणावी अशी. आमच्याच जिल्ह्यात दुसरे एक चांदूर आहे, चांदूर बाजार. आमचा पिनकोड 444904, त्यांचा 444704. एका आकड्याचा काय तो फरक! मध्यंतरी मुलीचे एक पुस्तक त्या चांदुरात जाऊन आठ दिवस पाहुणचार घेऊन आले. त्याचे पैसे आधीच भरलेले होते. त्या आठ दिवसांत तिने किती वेळा मोबाइल उघडून पाहिला असेल, देव जाणे. पुढे माझे एक पार्सल तसेच भरकटले, पण त्याचे पैसे द्यायचे होते. मी स्वस्थ झोपलो.

मात्र ही स्वस्थ झोप फुकटची नाही. तिची किंमत दुसरे कोणीतरी मोजत असते. गिऱ्हाइकाने दारात ‘नको’ म्हटले की जाण्यायेण्याचे भाडे बहुधा विकणाऱ्याच्या अंगावर पडते. म्हणून काही कंपन्या आता रोखीसाठी वेगळा आकार लावतात. तो अगदी शेवटच्या घटकेला बिलात घुसडू नये, असे सरकारच्या 2023 सालच्या मार्गदर्शक सूचनांचे म्हणणे आहे. शिवाय लबाडी आहेच. न मागवलेले पार्सल घेऊन कोणी येतो, घरात म्हातारे माणूस एकटे असते, नाव-पत्ता बरोबर असतो. पैसे मोजून खोके उघडावे तर आत चिंध्या! पैसे दिल्यावाचून खोके उघडायचे नाही, हा व्ही.पी.च्या वेळचा जाच अजून पुष्कळ ठिकाणी तसाच आहे. तेव्हा आईच्या गोट्याला नगद हे काही संपूर्ण औषध नव्हे.

पण मला सांगायचे आहे ते त्या कुकराविषयी.

कुकर घेऊन आला तो माझाच एक जुना विद्यार्थी. बी.ए.ला मराठी वाङ्मय घेतलेले, अक्षर मोत्यासारखे. आता मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या बांधून पार्सले वाटतो. किंमत होती 1,550 रुपये. आईने डब्यातून नोटा काढून दिल्या. त्याने त्या न मोजताच खिशात घातल्या, मला नमस्कार केला आणि निघून गेला.

दिवाळीच्या साफसफाईत आईने तो डबा रिकामा केला. तळाच्या कागदाखाली दोनशेची एक नोट चिकटलेली निघाली. आई मटकन खाली बसली. तिने मनाशी हिशेब केला, पुन्हा केला, आणि मला म्हणाली, “त्या पोराले कमी गेले रे. फोन लाव.”

मी फोन लावला. तो म्हणाला, “हो सर, त्या दिवशी दोनशे कमी भरले होते. कोनाचे ते समजलं नाही.”

“मग भरले कोणी?”

“मीच भरले, सर. संध्याकाळी हिशेब द्या लागते. कमी पडलं त आपलंच.”

“अरे, पण विचारायचं तरी!”

“चाळीस घरी कसा विचारू, सर? अन् तुमच्या घरी त मी मोजलेच नव्हते. सरांच्या आईसमोर नोटा मोजू काय?”

मी वर्गात शब्दशक्ती शिकवतो. त्या क्षणी मला एकही शब्द सुचला नाही. आमच्या घरचा अविश्वास कंपनीवर होता, खोक्यावर होता. आणि त्याचा भुर्दंड पडला तो आमच्यावर विश्वास टाकणाऱ्यावर.

नोटबंदीच्या वेळी, 2016च्या नोव्हेंबरात, कंपन्यांनी ही रोखीची सोय काही दिवस आवरती घेतली होती. आता रोकड संपली, असे तेव्हा पुष्कळांना वाटले. त्याच वर्षी यूपीआय आले, आणि आज त्या मुलाच्या मोबाइलवरही चौकोनी ठिपक्यांचे चित्र असते. दारात उभे राहून ते स्कॅन केले की पैसे पोचतात. त्याला ते सोयीचे. ना सुट्यांची कटकट, ना संध्याकाळची धास्ती. आणि वस्तू तर आधीच हातात आलेली असते, म्हणजे आईचा मुद्दाही राहतो. हे मी आईला पुष्कळ समजावले. तिने ऐकून घेतले.

परवा आकाशकंदील आला. किंमत 280 रुपये. मुलगी मोबाइल घेऊन पुढे झाली, तर आईने तिला हाताने मागे सारले आणि त्या मुलाला ओसरीवर बसवले. “पयले पानी पे,” म्हणाली. मग तिने नोटा एकेक करून त्याच्यासमोर मांडल्या.

“आता तू मोज.”

“राहू द्या न आजी, बरोबर असतीन.”

“मोज म्हनलं न! मोठ्यानं मोज.”

बाहेर मोटारसायकलवर पार्सलांचा ढीग तसाच पडला होता. तो मान खाली घालून, मोठ्याने मोजू लागला.