ढग जमिनीवर उतरला तेव्हा

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या वेस्ट फ्रँकफर्ट या गावाच्या कोळसा खाणीत त्या दुपारी सुमारे 800 कामगार होते, जमिनीखाली 500 फुटांवर. अचानक वीज गेली. वर नेणारी लिफ्ट बंद पडली. वर काहीतरी बिनसलंय, एवढंच त्यांना कळलं. सुटकेची एक अरुंद वाट होती, तिच्यातून ते कसेबसे वर आले आणि पाहतात तो वस्तीच्या जागी लाकडं आणि विटांचे ढीग. खाणीत गेलेला नवरा धडधाकट परत येईल ना, या घोरात बायकोने दिवस काढायचा, हा खाणगावांचा शिरस्ता. 18 मार्च 1925च्या बुधवारी तो उलटा झाला. जमिनीखालचे वाचले, आणि मेलेल्या-जखमींमध्ये बायका आणि मुलंच जास्त निघाली.

अमेरिकेच्या इतिहासातला हा सर्वांत जीवघेणा टोर्नेडो. आपल्या वर्तमानपत्रांत टोर्नेडोलाही सर्रास ‘चक्रीवादळ’ म्हणतात, ते मला खटकतं. 2020चं ‘निसर्ग’ शेकडो किलोमीटर पसरलेलं होतं आणि समुद्रातून येताना दिवसभर आधी दिसत होतं. हा टोर्नेडो बहुतेक वाटेवर जेमतेम सव्वा किलोमीटर रुंद होता. त्या पट्ट्यात सापडलेलं घर गेलं, दोन कोस पलीकडच्या घराचं काही बिघडलं नाही.

मिसुरीतल्या एलिंग्टनजवळ दुपारी एकच्या सुमाराला तो जमिनीला टेकला. मिसिसिपी ओलांडून त्याने दक्षिण इलिनॉय कापत नेलं आणि साडेचारच्या सुमाराला इंडियानात तो विरला. एकूण 352 किलोमीटर, म्हणजे साधारण पुणे ते लातूर. साडेतीन तासांत आपली एसटीही तिथे पोचत नाही. त्याचा सरासरी वेग ताशी 100 किलोमीटर होता आणि त्या काळी गावागावांत दिसणारी फोर्डची ‘मॉडेल टी’ गाडी सत्तरच्या वर जात नसे. पळून जाण्याचा प्रश्नच नव्हता.

असं काही घडतं ते का? मेक्सिकोच्या आखाताकडून उबदार, दमट हवा येते, तिच्यावरून पश्चिमेची कोरडी, थंड हवा सरकते. खालचा वारा हळू आणि एका दिशेचा, वरचा जोरकस आणि वेगळ्या दिशेचा. दोन तळव्यांत कापूस धरून आजी वात वळते ना, तशी या दोन वाऱ्यांमधली हवा आडवी वळली जाते. मग वादळी ढगात वर उसळणारा गरम झोत ही आडवी वात उभी करतो आणि अख्खा ढगच फिरू लागतो. अशा फिरत्या ढगांपैकी थोड्यांखालीच टोर्नेडो तयार होतो, आणि बहुतेक काही मिनिटांतच मोडतो. हा मात्र कमी दाबाच्या केंद्राच्या जवळपास, त्याच्याच चालीने पुढे जात राहिला, त्यामुळे त्याला लागणारी हवा मिळतच गेली. 2013मध्ये हवामानतज्ज्ञांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. सुरुवातीच्या भागात कदाचित एकाहून अधिक टोर्नेडो असावेत, पण सुमारे 280 किलोमीटरचा सलग पट्टा बहुधा एकाचाच, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

लोकांना तो ओळखूच आला नाही. सोंडेसारखा आकार बहुतेकांना दिसला नाही. जमिनीवरून लोळत येणारं काळं धुकं, एवढंच. आभाळ वाचण्यात हयात गेलेले शेतकरीही अंगावर येईपर्यंत फसले. आणि सरकारी वेधशाळेकडून इशारा यायचा तर तिच्या हवामान अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्द वापरायलाच मनाई होती. लोक घाबरतील म्हणून! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला घातलेला हा दंडक तोवर टिकून होता. तारांचे खांब वादळाने पाडल्यावर मागच्या गावाची बातमी पुढच्या गावाला पोचणार कशी?

गोरहॅम या नदीकाठच्या छोट्या गावात निम्मी माणसं मेली किंवा जखमी झाली. मर्फिसबरोत 234 माणसं गेली. एकाच शहरात टोर्नेडोने घेतलेले इतके बळी अमेरिकेत आजवर दुसरीकडे नाहीत. त्यानंतर आगी लागल्या आणि विझवायला नळाला पाणी नव्हतं. डी सोटोत शाळा सुटायची होती. इमारत कोसळून 33 जण दगावले. गोरहॅमपासून वेस्ट फ्रँकफर्टपर्यंत 40 मिनिटांत 541 बळी. एकूण आकडा 695. तासभर उशिरा आला असता, तर मुलं वर्गात नसती आणि आकडा वेगळा असता, हा विचार सुटत नाही.

शेतांची हानी अशी एका आकड्यात मावत नाही. इंडियानात ग्रिफिन आणि प्रिन्सटनच्या दरम्यान सुमारे 85 शेतवाड्या उद्ध्वस्त झाल्या. मार्च म्हणजे पेरणीच्या तयारीचे दिवस.

‘टोर्नेडो’ शब्दाच्या मनाईचा तो दंडक मोडायला आणखी वीस-पंचवीस वर्षं लागली. मार्च 1948मध्ये ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर एक टोर्नेडो आदळला. पाचच दिवसांनी फॉबुश आणि मिलर या दोन लष्करी हवामान अधिकाऱ्यांना नकाशावर तीच मांडणी पुन्हा दिसली. दुसऱ्यांदा टोर्नेडो तिथेच येईल, असं म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती. तरी इशारा दिला, आणि त्याच संध्याकाळी तो आला. 1950मध्ये वेधशाळेने हा शब्द वापरायला आपल्या केंद्रांना मोकळीक दिली.

मर्फिसबरो पुन्हा उभं राहिलं, ग्रिफिनही. इलिनॉयमधलं पॅरिश हे लहानसं गाव जवळपास सगळं भुईसपाट झालं होतं. ते मात्र पुन्हा पूर्वीसारखं वसलं नाही.