शौचातून रक्त म्हणजे मूळव्याधच? मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची ही लक्षणे दुर्लक्षित करू नका
जालना : शौचातून रक्त पडले की घरात पहिला शब्द निघतो, 'मूळव्याध असेल'. मग तिखट बंद, ताक सुरू आणि मेडिकलमधून मलम. लाजेपोटी डॉक्टरांपर्यंत विषय जातच नाही. बहुतेक वेळा ती मूळव्याधच निघते, हेही खरे. अडचण उरलेल्यांची आहे. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर सुरुवातीला असाच दिसू शकतो.

फरक कसा ओळखायचा?
मूळव्याधीत रक्त सहसा लालभडक असते, शौचानंतर थेंबथेंब पडते. रक्त गडद, शौचात मिसळलेले किंवा आवेसोबत असेल तर सावध व्हा. मात्र रंगावरून घरीच निकाल लावू नका. गुदाशयातील गाठीचे रक्तही लालभडक असू शकते आणि एकाच माणसाला दोन्ही आजार असू शकतात. (बीट खाल्ल्यावर शौच लाल, तर लोहाच्या गोळ्यांनी काळे होते, ते वेगळे.)

रक्त दिसलेच नाही तर?
आतड्याच्या उजव्या भागातील गाठीतून रक्त थोडे थोडे झिरपते, डोळ्यांना दिसत नाही. जाणवतो तो थकवा, धाप आणि रिपोर्टमध्ये घसरलेले हिमोग्लोबिन. पन्नाशीतल्या पुरुषाचे किंवा पाळी थांबलेल्या महिलेचे रक्त कमी भरले, तर नुसत्या गोळ्यांवर थांबू नका. रक्त जाते कुठे, हे डॉक्टरांना विचारा.

शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणे, पोट साफ न झाल्यासारखे वाटणे, कारण नसताना वजन घटणे हीही लक्षणे आहेत. वय कमी म्हणून निर्धास्त राहू नका. 'ब्लॅक पँथर' फेम अभिनेता चॅडविक बोसमन २०२० मध्ये याच आजाराने गेला, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता.

शिबिरात तपासणी झाली, मग?
सरकारी मोहिमेत ३० वर्षांवरील नागरिकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी होते. आतड्याचा कॅन्सर त्यात नाही. त्यामुळे शिबिरात 'सगळे नॉर्मल' निघाले तरी वरील लक्षणे डॉक्टरांना वेगळी सांगावी लागतात.

डॉक्टर आधी बोटाने तपासतात. गरजेनुसार शौचातील न दिसणाऱ्या रक्ताची चाचणी आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी होते. त्यात सापडलेला पॉलिप बऱ्याचदा तिथेच काढता येतो. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण काही वर्षे लागतात.

सुरुवात जालन्यातील जिल्हा रुग्णालयातून करता येते. पुढील उपचारांसाठी सुमारे ६० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. आई-वडील किंवा भावंडांना हा आजार झाला असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. अशा व्यक्तींची कोलोनोस्कोपी लक्षणे नसली तरी साधारण ४० व्या वर्षापासून, काही वेळा त्याआधीही सुचवली जाते.