बेडकाचे कूळ शोधताना

पावसाच्या पहिल्या सरीबरोबर अंगणात उतरणारे हे पाहुणे आपल्याला सारखेच वाटतात. पण त्यांच्यात पन्नासाहून अधिक कुळे आहेत आणि त्यातल्या एका कुळाची कहाणी थेट सेशेल्स बेटांपर्यंत पोहोचते.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे म्हणतात. बेडकाच्या बाबतीत मात्र शास्त्रज्ञांनी हा सल्ला कधीच मानला नाही. जगात बेडकांच्या सात हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, त्यांपैकी चारशेहून अधिक एकट्या भारतात. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात कोण कोणाचा सख्खा आणि कोण चुलत, हे ठरवणे सोपे नाही. तरीही घरबसल्या थोडीफार ओळख पटवता येते.

मोरीपाशी किंवा पायरीच्या दिव्याखाली बसलेला, खरखरीत, कोरड्या अंगाचा तो भेक. त्याचे मागचे पाय आखूड असतात, म्हणून तो लांब उडी मारत नाही, थबकत थबकत पुढे सरकतो. डोळ्यांमागे दोन फुगीर गाठी दिसतात. त्या विषग्रंथी आहेत. कुत्र्याने भेक तोंडात धरला तर त्याच्या तोंडाला फेस येतो, तो याच विषामुळे. भेकाला हात लावला की चामखीळ येते ही मात्र निव्वळ अफवा. चामखीळ विषाणूमुळे होते, भेकामुळे नव्हे. हात स्वच्छ धुतले म्हणजे झाले. भेक हा बेडकांहून वेगळा प्राणी आहे असेही पुष्कळांना वाटते. वास्तविक बेडकांच्या अनेक कुळांपैकी भेकांचे हे एक कूळ.

पहिल्या मोठ्या पावसात डबक्यात पिवळेजर्द नर ओरडू लागतात आणि त्यांच्या गळ्याशी निळ्या पिशव्या फुगतात. हा बैलबेडूक. अंग ओलसर, पाय लांब, बोटांमध्ये पडदे. तंगड्यांच्या निर्यातीसाठी त्याचीच सर्वाधिक कत्तल होत असे. 1987 साली भारताने ही निर्यात बंद केली. न्हाणीघराच्या भिंतीला चिकटून बसणारा सडपातळ बेडूक आणखी वेगळ्या कुळातला. त्याच्या बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतात आणि त्याची मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचे घरटे करून त्यात अंडी घालते. चौथे कूळ छोट्या तोंडाच्या, गोलमटोल बेडकांचे. मुंग्या आणि वाळवी हे त्यांचे आवडते खाणे.

रूपावर जाऊ नये

इथवर सारे सोपे वाटते. खरी पंचाईत पुढे आहे. बोटांना चकत्या असलेले झाडावरचे बेडूक ईशान्य भारतातही आहेत आणि आपल्या न्हाणीघरातही, पण दोघांची कुळे एक नाहीत. झाडावर राहायचे म्हणजे चिकटणारी बोटे हवीत, म्हणून दोन्ही घराण्यांनी ती स्वतंत्रपणे कमावली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या एडवर्ड कोपने छातीच्या हाडांकडे लक्ष वेधले. भेकाच्या छातीत डाव्या-उजव्या बाजूच्या कूर्चा एकमेकींवर सरकलेल्या असतात. बैलबेडकाच्या छातीत त्या मधोमध जुळलेल्या असतात. ईशान्येकडच्या बेडकाची छाती भेकासारखी, तर न्हाणीघरातल्याची बैलबेडकासारखी! पिल्लांचाही उपयोग होतो. बहुतेक टॅडपोलना खरवडून खाण्यासाठी टणक चोच आणि बारीक दातांच्या ओळी असतात. छोट्या तोंडाच्या कुळातल्या टॅडपोलना यातले काहीच नसते, ते पाणी गाळून पोट भरतात.

हाडांनंतर आली डीएनएची तपासणी आणि जुनी वंशावळ बरीचशी विस्कटली. आपल्या अंगणातल्या भेकाला दोनशे वर्षे युरोपातल्या भेकांच्याच प्रजातीत धरत होते. 2006 साली त्याला स्वतंत्र प्रजाती मिळाली, 'डट्टाफ्रायनस'. हे नाव भारतीय बेडूकतज्ज्ञ सुशील कुमार दत्ता यांच्या सन्मानार्थ आहे.

पाताळातला नातलग

या साऱ्या उलाढालीत सर्वांत मोठा धक्का 2003 साली बसला. केरळच्या इडुक्की जिल्ह्यात एस. डी. बिजू आणि बेल्जियमचे फ्रँकी बॉस्यूट यांनी जांभळट रंगाचा, जेमतेम सात सेंटिमीटरचा, फुगलेला बेडूक जगासमोर आणला. डोके इवलेसे, नाक डुकरासारखे टोकदार. म्हणून संस्कृत नासिकेवरून नाव ठेवले 'नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस'. तो कोणत्याच ओळखीच्या कुळात बसेना, म्हणून त्याच्यासाठी नवे कूळ मांडावे लागले. गंमत म्हणजे त्याच्या टॅडपोलची नोंद 1918 सालीच झाली होती. पण ते कोणाचे मूल, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

डीएनएने त्याचे सर्वांत जवळचे नातलग दाखवले ते हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर, सुमारे तीन हजार किलोमीटर दूर! बेडकाची त्वचा पातळ असते, खारे पाणी त्याला सोसत नाही. मग तो समुद्र ओलांडून गेला कसा? गेलाच नाही. एके काळी भारत आणि सेशेल्स एकाच भूखंडाचे भाग होते. जमीन फाटली आणि भावंडे दोन किनाऱ्यांवर राहिली. दोन्ही शाखा दहा कोटी वर्षांच्या आसपास वेगळ्या झाल्या असाव्यात, म्हणजे डायनासोर हिंडत होते तेव्हा. 2006 साली काही तज्ज्ञांनी त्याला सेशेल्सच्याच कुळात घातले, पुढे त्याचे स्वतंत्र कूळ पुन्हा मान्य झाले. 2017 साली तमिळनाडूच्या बाजूला दुसरी जात सापडली. तेव्हापासून या घराण्यात दोनच सदस्य ज्ञात आहेत.

हा बेडूक वर्षभर जमिनीखाली राहून वाळवी खातो. पावसाच्या तोंडावर जेमतेम काही दिवस वर येतो, ओढ्यात अंडी घालतो आणि पुन्हा गडप होतो. वर्षातून एकदाच येणारा, म्हणून केरळात त्याला महाबलीचा बेडूक म्हणतात. त्याची पिल्ले तोंडाने खडकाला घट्ट धरून वाहत्या पाण्यात टिकतात. ओढ्यावर बंधारा पडला आणि पाणी साचले की त्यांची जागाच संपते. काही भागांत लोक हे टॅडपोल वेचून खातातही. एखाद्या मोठ्या कुळातली एक जात गेली तर बाकीच्या शंभर उरतात, इथे दोन गेल्या की घराणेच संपले.

महाराष्ट्रातही असे ठेवे आहेत. आंबोलीच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर पिवळट पट्ट्यांचा एक छोटा भेक राहतो. 2009 साली त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली. त्याच वेळी कोयनेच्या भेकासह त्याची नवी प्रजाती ठरली. जगात या प्रजातीच्या दोनच जाती माहीत आहेत आणि दोन्ही आपल्याच सह्याद्रीत. सड्यावरच्या उथळ डबक्यात आंबोलीच्या भेकाची अंडी असतात. धबधबे पाहायला पर्यटकांच्या गाड्या घाटात येतात, तेही नेमके याच दिवसांत, आणि रात्री रस्ता ओलांडणारे भेक चाकाखाली जातात. पावसाळ्यात आंबोलीला जायचे असेल तर अंधार पडल्यावर गाडी हळू चालवावी आणि सड्यावरच्या डबक्यांत पाय घालू नये.