आधी बळी, मग वामन

दर फेब्रुवारीत टोकियोच्या उएनो उद्यानातल्या कला संग्रहालयात ‘कोकुफू-तेन’ भरतं. १९३४ साली सुरू झालेलं हे बोन्सायचं प्रदर्शन जपानात सगळ्यात मानाचं समजलं जातं. ऐन थंडीत भरत असल्यामुळे तिथल्या मेपलवर एकही पान नसतं, आणि जाणकारांना ते तसंच हवं असतं. पालवीआड खोडाचे दोष झाकले जातात, पानगळीनंतर मात्र सगळा हिशेब उघडा पडतो. जेमतेम हातभर उंचीचं झाड, मातीवर पसरलेली मुळांची बैठक, वर निमुळतं होत गेलेलं खोड आणि शेवटी केसासारख्या बारीक काड्या. बघणारा हमखास विचारतो, ‘याचं वय किती?’ त्याहून चांगला प्रश्न म्हणजे, ‘हे आधी किती उंच होतं?’

कारण अशी बरीच झाडं एके काळी शेतात दोन पुरुष उंच वाढलेली असतात. मग कुणीतरी त्यांना करवत लावलेली असते.

बोन्साय म्हणजे उपाशी ठेवून खुरटवलेलं झाड, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. मेपलच्या बाबतीत तर गोष्ट अगदी उलटी आहे. खोड जाड होतं ते पानांच्या कमाईवर. पानं जितकी जास्त आणि मुळांना जागा जितकी मोकळी, तितकं लाकूड दर वर्षी चढतं. कुंडीत दोन्ही गोष्टींची टंचाई. जमिनीत पाच-सात वर्षांत मनगटाएवढा होणारा बुंधा कुंडीत पंचवीस वर्षांतही होईल याची खात्री नाही. म्हणून वामन करायचं झाड आधी विराट होऊ द्यावं लागतं.

या कामाला सगळ्यात सोईचा म्हणजे ट्रायडंट मेपल. पानाला त्रिशूळासारखी तीन टोकं, म्हणून हे नाव. मूळचा चीनचा, अठराव्या शतकात जपानात गेला. जपानी लोक त्याला ‘तोकाएदे’, म्हणजे चिनी मेपल म्हणतात. यातल्या ‘काएदे’ची व्युत्पत्ती मजेची आहे: ‘काएरु-ते’, बेडकाचा हात. ट्रायडंट झपाट्यानं वाढतो, कापलं तरी हटून फुटतो, जखमा लवकर भरतो आणि त्याची मुळं एकमेकांना टेकली की एकजीव होतात.

शेतातलं काम मुळांपासून सुरू होतं. कोवळ्या रोपाचं सोटमूळ कापून टाकतात आणि बाकीची मुळं चाकाच्या आऱ्यांसारखी चहूबाजूंना पसरवून रोप एखाद्या फरशीवर किंवा फळीवर बसवतात, मग वर माती. खाली जायला वाट नसल्यानं मुळं आडवीच धावतात. एबिहारा नावाच्या जपानी उस्तादांची पद्धत तर फळीवर खिळे ठोकून प्रत्येक मूळ हव्या त्या दिशेला अडवून धरण्याची होती. पुढे हीच मुळं जाड होऊन एकमेकांत मिसळतात आणि बुंध्याखाली पसरट बैठक तयार होते. तिला ‘नेबारी’ म्हणतात.

त्यानंतरची काही वर्षं झाडाला मोकळं रान. खत भरपूर, पाणी भरपूर, कात्री जपून. बुंध्याजवळची एखादी फांदी तर मुद्दाम वाटेल तशी वाढू देतात, कारण फांदीची कमाई तिच्या खालच्या खोडाला पोसते. ही फांदी अंतिम झाडात राहणार नसते. जपानी भाषेत तिचं नाव ‘गिसेई-एदा’, बळीची फांदी. बोन्सायला मराठीत वामनवृक्ष म्हणतात हे आठवलं, की या नावाशी थबकायला होतं. वामनाला इथेही बळी लागतोच.

मग कापणीचा दिवस येतो. थंडी सरत आलेली, डोळे अजून फुगलेले नाहीत, अशी वेळ साधतात. ढोबळ हिशेब असा: झाडाची अंतिम उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट. बुंधा १० सेंटिमीटर असेल तर झाड ६० सेंटिमीटरचं, आणि पहिला काप त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे २० सेंटिमीटरवर. वरचं सगळं झाड जातं, उरतो तो खुंट. पण काप नेमका २० वर घेत नाहीत, थोडा वर घेतात. मेपलचे निद्रिस्त डोळे खोडावरच्या जुन्या पेरांशी असतात. पेराच्या वरचा तुकडा वाळून जातो आणि फुटवे पेराशीच येतात. कुठून फुटेल हे झाड ठरवतं. त्यातला एक जोमदार फुटवा नवा शेंडा म्हणून ठेवायचा आणि पुढच्या हंगामात त्याच्या दिशेनं तिरपा काप घेऊन लाकूड गुळगुळीत करायचं. हा शेंडा पुन्हा मोकाट वाढवायचा, खोडाला शोभेल इतका जाड झाला की पुन्हा कापायचा, या वेळी आधीपेक्षा जरा कमी अंतरावर. असे तीन-चार टप्पे झाले, की सरळसोट खांबाचं निमुळतं, वळणदार खोड होतं.

जमीन जाडी उसनी देते आणि व्याज जखमांच्या रूपात घेते. मोठ्या कापावर लेप लावतात, म्हणजे कडा सुकत नाहीत आणि नवी साल आत सरकते. भरणं मंदावलं तर कडा पुन्हा ताज्या करतात. वड-पिंपळाच्या ढोल्या आपल्याला शोभून दिसतात, पण मेपलचं लाकूड उघडं राहिलं तर कुजतं. म्हणून मोठी जखम शक्यतो झाडाच्या पाठीमागे ठेवतात.

मूळ किंवा फांदी हवी तिथे नसेल, तर आंबा-डाळिंबवाल्यांच्या ओळखीच्या युक्त्या कामी येतात. मुळांची बैठक वाईट असेल तर बुंध्यावर गुटी बांधून नवी मुळं काढतात. एका बाजूला मूळ नसेल तर तिथे छोट्या रोपाचं भेट कलम करतात. फांदीसाठीची रीत मात्र खास आहे: खोडाला आरपार भोक पाडायचं, त्यातून निष्पर्ण काडी सुईत दोरा ओवावा तशी ओवायची आणि वाट पाहायची. काडी जाडावते, खोडाशी जुळते. बाहेर पडलेला भाग आत शिरणाऱ्या भागापेक्षा जाड दिसू लागला, की जोड बसला असं समजून मागचा धागा कापायचा.

एवढं झाल्यावर खुंट उपटून आधी खोक्यात आणि बऱ्याच वर्षांनी उथळ कुंडीत जातो. इथे सगळे नियम उलटतात. शेतात ज्याला खा-खा म्हटलं, त्याला आता वसंतात पानं जून होईपर्यंत खत नाही, नाहीतर पेरं लांब पडतात. मेपलची पानं समोरासमोर येतात, म्हणून फांद्याही जोडीनं फुटतात. प्रत्येक जोडीतली एक काढावी लागते. निरोगी झाडाची पानं उन्हाळ्याच्या सुरुवातीला कापली, की दुसरी पालवी लहान येते आणि काड्या दुणावतात. मुळं इतकी झपाट्यानं कुंडी भरतात, की वर्षा-दोन वर्षांनी ती छाटावी लागतात. शिवाय ती मांसल, पाण्यानं भरलेली. कडक गोठणाऱ्या थंडीत कुंडी उघड्यावर राहिली तर जातात. शेतातली दहा वर्षं जाडीची, कुंडीतली पुढची वीस बारकाईची.

कौतुक होतं ते या वीस वर्षांचं. १९२३च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायकार सायतामातल्या ओमियाला गेले आणि १९२५मध्ये त्यांनी बोन्सायचं गाव वसवलं. तिथे राहायचं तर किमान दहा कुंड्या हव्यात, भिंतीऐवजी कुंपण झाडांचं हवं, दुमजली घर नको, असे नियम होते. आज तिथे संग्रहालय आहे, जगभरचे लोक येतात. झाडं जमिनीत वाढतात ती मात्र दुसरीकडे: त्याच सायतामातल्या आंग्योच्या रोपवाटिका एदो काळापासून झाडं पिकवत आल्या आहेत, आणि शिकोकू बेटावरच्या किनाशीत पाइन शेतात ओळीनं उभे असतात. प्रदर्शनातल्या चिठ्ठीवर झाडाची जात असते, मालकाचं नाव असतं. ज्या शेतकऱ्यानं पहिली दहा वर्षं बुंधा पोसला, त्याचं नाव बहुधा नसतं. पुराणातही मोजली गेली ती वामनाची पावलं. ती ज्या भूमीवर पडली, ती बळीची होती.

पुण्या-मुंबईत मेपलच्या मागे लागू नये. त्याला खरी थंडी आणि विश्रांती लागते, ती इथे मिळत नाही. पण जुन्या भिंतीच्या फटीत उगवलेला वड किंवा उंबर सगळ्यांच्याच घराजवळ असतो. त्याची मुळंही एकमेकांत मिसळतात, तोही कापल्यावर हटून फुटतो. फक्त त्याचा हंगाम थंडीचा नाही, उन्हाळा संपून पाऊस सुरू होतानाचा. तो काढून आणलात, तर लगेच शोभेच्या कुंडीत कोंडू नका. आधी त्याला चार-पाच वर्षं जमिनीत राज्य करू द्या.