मराठी भाषक आणि इंग्रजीचे अध्ययन : चुकांच्या मीमांसेची दिशा

परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे लोहमार्गाचे जंक्शन आहे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या मार्गावर येथे अकोल्याकडचा फाटा फुटतो. अशा गावात इंग्रजी शब्द शाळेच्या आधी स्टेशनावर भेटतात. अक्षरशत्रू हमालाच्या तोंडीही तिकीट, फलाट, शिग्नल, गार्ड हे शब्द सहज असतात. असे असूनही याच परिसरातील विद्यार्थ्याला इंग्रजीचे चार शुद्ध वाक्यांचे निवेदन अवघड जावे, हे कोडे विचार करण्याजोगे आहे. शब्द हाताशी असणे व भाषा अवगत असणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे त्याचे थोडक्यात उत्तर. परंतु ते पुरेसे नाही.

मराठवाड्याचा शैक्षणिक इतिहास येथे ध्यानात घ्यावा लागतो. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात अध्यापनाचे माध्यम उर्दू असून इंग्रजी हा आवश्यक विषय होता. घरी मराठी, कचेरीत उर्दू आणि पदवीसाठी इंग्रजी अशी येथील विद्यार्थ्याची वाटचाल असे. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. २००० सालापासून राज्यातील शाळांत पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविण्यास आरंभ झाला. इयत्ता बदलली, तरी शिकणाऱ्याच्या जिभेवर व मनात मराठीची घडण आधीपासून असते, ही गोष्ट बदलली नाही.

रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ साली असे प्रतिपादन केले की, मातृभाषा व परभाषा यांची रचना शेजारी ठेवून पाहिल्यास विद्यार्थ्याच्या अडचणींचा अंदाज बांधता येतो. उच्चारांच्या बाबतीत हे बव्हंशी खरे ठरते. 'इस्टेशन' हा उच्चार पाहावा. आरंभीच्या जोडाक्षरापूर्वी स्वर घेण्याची ही प्रवृत्ती इंग्रजीपुरती नाही. 'स्त्री'चे 'अस्तुरी' लोकबोलीने याच रीतीने केले आहे. मराठीत 'ताट' आणि 'थाट' यांतील भेद महाप्राणावर अवलंबून आहे. इंग्रजीत शब्दारंभीच्या 'प', 'ट', 'क' यांमागे श्वासाचा झोत असतो, पण त्याने अर्थ बदलत नाही. मराठी भाषक तो झोत सोडून देतो आणि त्याचे 'पिन' परक्याच्या कानाला 'बिन'सारखे वाटू शकते. 'व' आणि 'व्ह' असा लेखनभेद मराठीने योजिला आहे; तथापि मराठी 'व्ह'मध्ये महाप्राण येतो, तर इंग्रजी ध्वनीत वरचे दात खालच्या ओठावर टेकून घर्षण होते. उलट 'बॅट' व 'डॉक्टर' यांतील स्वरांसाठी मराठीने स्वतंत्र चिन्हे स्वीकारल्याने तेथे वाट सुकर झाली आहे.

व्याकरणात शब्दयोगी अव्ययांची अडचण विशेष जाणवते. 'स्टेशनवर', 'फलाटावर' आणि 'टेबलावर' या तिन्ही ठिकाणी मराठीला एक 'वर' पुरतो. इंग्रजीत स्टेशनसाठी 'ॲट', फलाट व टेबल यांसाठी 'ऑन' योजावे लागते. म्हणजे स्थानाकडे बिंदू म्हणून पाहावयाचे की पृष्ठभाग म्हणून, हे बोलणाऱ्याला आधी ठरवावे लागते. इंग्रजीतील 'ए' व 'द' या उपपदांस मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. गाडी ओळखीची आहे की अनोळखी, हे मराठी भाषक संदर्भावर सोपवितो.

तथापि प्रत्येक चूक मातृभाषेतून येते असे मानणे चुकीचे होय. मराठीत 'गाडी सुटली' या विधानास 'का' जोडला की प्रश्न होतो. शब्दक्रम हलत नाही. इंग्रजीत सहायक क्रियापद कर्त्यापूर्वी आणावे लागते. हा नियम कष्टाने आत्मसात केलेला विद्यार्थी पुढे 'तो कोठे राहतो ते मला ठाऊक नाही' याचे इंग्रजी करतानाही क्रम फिरवितो आणि चुकतो; कारण दुसऱ्या वाक्यात सामावलेल्या प्रश्नात इंग्रजी शब्दक्रम विधानासारखाच राहतो. ही चूक मराठीची नव्हे. नव्याने शिकलेला नियम मर्यादेबाहेर नेल्याची आहे. एस. पी. कॉर्डर यांनी १९६७ साली दाखवून दिले की, अशा चुका शिकणाऱ्याच्या मनात चाललेल्या नियमशोधनाचा पुरावा असतात. अडाणीपणाचे लक्षण म्हणून त्यांच्याकडे पाहणे हा अन्याय आहे.

शब्दसंग्रहात ओळखीचे शब्दच अधिक फसवितात. 'बोगी' म्हणजे प्रवाशांचा डबा असे पूर्णेकर समजतो. इंग्लंडमध्ये त्या शब्दाने डब्याखालील चाकांचा सांगाडा सूचित होतो. मराठी विद्यार्थी परीक्षा 'देतो', इंग्रज विद्यार्थी ती 'घेतो'. शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर येथे निरुपयोगी ठरते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांना इंग्रजी वाक्यरचना शिकविली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु कानाला ऐकू येणारी इंग्रजी लेखी भाषांतराच्या कक्षेबाहेरच राहते.

यातून अध्यापनास एक दिशा मिळते. शिक्षक व विद्यार्थी यांची मातृभाषा एकच असल्यामुळे सामाईक चुका वर्गात कोणाच्याच लक्षात येत नाहीत आणि हळूहळू त्याच प्रमाण ठरतात. उलट लक्षात आलेल्या सर्व चुकांना एकाच मापाने लाल शाई मिळते. चुकीचे मूळ मराठीत आहे, इंग्रजीच्या अपुऱ्या नियमात आहे की केवळ अनवधानात आहे, हे प्रथम पाहावे. आणि जिच्यामुळे अर्थच बदलतो ती आधी दुरुस्त करावी. लंडनच्या रहिवाशाप्रमाणे बोलणे हे साध्य असण्याचे कारण नाही; बोललेले समजावे, एवढे साध्य पुरेसे आहे. ग्रामीण भागातील ज्या विद्यार्थ्यापुढे इंग्रजीच्या एका विषयामुळे उच्च शिक्षणाचे दार बंद होते, त्याच्या बुद्धीचा निवाडा त्याच्या उपपदांवरून होऊ नये, यासाठी तरी हा विवेक अवश्य आहे.